झांजेवरच्या चार सह्या

नाशिक रोडला, प्रेसच्या क्वार्टरमध्ये, रंगनाथच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी ड्रमसेटची एक झांज टांगलेली होती. चांगली परातीएवढी, कडेला चीर गेलेली, आणि वर काळ्या शाईत चार इंग्रजी सह्या. बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला तो मुंबईत छपाईचं काम शिकत होता. तिथल्या एका कॉलेजात रॉक बँडचा कार्यक्रम झाला आणि सामान उचलायला हमालच आले नाहीत. रंगनाथनं सगळे ड्रम जिन्यावरून खाली उतरवून दिले. पोरं खूश झाली, तडकलेली झांज सह्या करून त्याच्या हातात दिली. पुढे त्या बँडचं नाव झालं, एक रेकॉर्ड निघाली, आणि यथावकाश तो मोडलाही.

येईल त्याला रंगनाथ ही हकिकत सांगे. शेजारचा निवृत्ती म्हणे, "रंगा, एवढी परात नुसती टांगून काय ठेवलीस? वहिनींना कणीक तरी मळू दे." बायको, विमल, चहा ठेवून आत जाई. तिनं कधी काही विचारलं नाही. तिला या गोष्टीचा कंटाळा आला असणार, असं रंगनाथ धरूनच चालला होता.

चौऱ्याऐंशी साली प्रेसमधल्या एका सोबत्याच्या ओळखीनं मुंबईचे एक गृहस्थ शिर्डीला जाताना घरी यायचे ठरले. बँडवाल्यांच्या सह्या असलेल्या वस्तू ते जमवत, पारखत. रंगनाथला झांज विकायची नव्हती. एका जाणत्या माणसानं ती हातात घेऊन 'वस्तू आहे' एवढं म्हणावं, इतकंच त्याला हवं होतं.

रविवारी पाहुणे आले. विमलनं झांज आदल्या दिवशीच पुसून फडक्यात बांधून ठेवली होती. पाहुण्यांनी गाठ सोडली, खिशातून भिंग काढलं आणि एकेक सही निरखली.

"या कोरल्या कुणी?"

रंगनाथ पुढे वाकला. चारही सह्या भांड्यावर नाव घालतात तशा कोरलेल्या होत्या. खाली, कोरणाऱ्यानं सवयीनं, 'रंगनाथ, नाशिक रोड' असंही घातलं होतं.

विमल दारातून कौतुकानं म्हणाली, "खिडकीतल्या उन्हानं पार फिकट झाल्या होत्या. भांडी बाजारातून कोरून आणल्या. आता जायच्या नाहीत."

"ताई," पाहुणे हळूच म्हणाले, "सही म्हणजे त्या माणसाचा हात. पेन कुठं दाबलं, कुठं उचललं, ते शाईवरून कळतं. हा हात आता तुमच्या कोरणाऱ्याचा झाला."

"मग हिची किंमत?" रंगनाथनं विचारलं.

"जमवणाऱ्याच्या लेखी, आता काही नाही."

त्यांनी चहा घेतला, द्राक्षांची चौकशी केली आणि ते गेले. रंगनाथनं झांज भिंतीवर लावली नाही. कॉटवर तशीच पडू दिली.

संध्याकाळी विमल मेथी निवडायला बसली. "मला वाटलं, त्यांच्यापुढे नीट दिसावं."

"एकदा विचारायचंस."

"विचारलं असतं तर हात लावू दिला असतात?"

हे खरंच होतं.

"तो कोरणारा मशीननं भराभर उरकणार होता," ती म्हणाली. "मी नाही करू दिलं. म्हटलं, छिन्नीनं कर, रेषेवरून रेष. दुपारभर बसले समोर. तो म्हणतो, हे कसले किडेमकोडे, कुणाचे? मग सांगितलं सगळं."

"सगळं म्हणजे?"

विमलनं ओले हात पदराला पुसले आणि झांज ओढून घेतली. "हा ड्रमवाला, याच्या हाताला फोड आले होते. हा गाणारा, याला जिन्यात चक्कर आली, तुम्ही लिंबाचं सरबत आणून दिलंत. हा अवाक्षर बोलला नाही, पण सही याचीच सगळ्यांत मोठी. आणि हा म्हणाला, नाशिकला आलो तर उतरायला तुझ्याकडेच."

रंगनाथ तिच्याजवळ सरकला. सगळ्यांत मोठ्या सहीवर बोट ठेवून म्हणाला, "सरबत गाणाऱ्याला नाही, या मुक्याला दिलं होतं."

"गाणाऱ्यालाच. लग्न झाल्यावर पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा गाणाराच होता. निवृत्तीभाऊंना सांगताना पुढे तुम्ही बदललंत."

त्यानं आठवून पाहिलं. आठवेना. मग मेथीची एक जुडी आपल्याकडे ओढत त्यानं विचारलं, "बरं, आणि त्या झांजेला चीर कशी गेली म्हणून सांगितलं होतं मी?"