डावीकडची खुर्ची

अवधान हा मनुष्यत्वाचा पाया आहे. ज्याला लक्ष देता येतं तोच खऱ्या अर्थानं जगतो. हे वाक्य माझ्या मावशीच्या नवऱ्याचं. काकांनी सोलापुरातल्या एका कॉलेजात आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं आणि हे वाक्य ते उद्घाटनांना, सत्कारांना आणि एकदा एका शोकसभेतही म्हणाले. त्या सभेत मयताच्या मुलाला त्यांनी तिसऱ्याच कुणाच्या तरी मृत्यूबद्दल धीर दिला होता.

घरी ते संज्ञा वाटत. मला न्यूनगंड, माझ्या भावाला अहंगंड. वळसंगहून लग्न करून आलेली मावशी गप्प बसली तर ते दमन, बोलली तर सुप्त आक्रमकता. तिला काय हवंय हे विचारण्यासाठी मात्र त्यांच्या शास्त्रात संज्ञा नसावी.

मागच्या वर्षी काकांच्या मेंदूत उजव्या बाजूला रक्ताची गुठळी झाली. बोलणं शाबूत राहिलं, त्यामुळे घराला फारसा फरक जाणवला नाही. पण डावीकडचं जग गेलं. दाढी अर्ध्याच चेहऱ्याची करू लागले. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं, तर काकांनी सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले आणि कागद परत देत म्हणाले, "घड्याळ बरोबर आहे. तुमचा कागद अपुरा आहे."

"डोळ्यात काय झालंय का ह्यांच्या?" मावशीनं विचारलं.

"डोळे उत्तम आहेत, काकू. याला निग्लेक्ट म्हणतात. डावीकडे काही आहे याची मेंदू दखलच घेत नाही. आणि आपण दखल घेत नाही, हेही यांना कळत नाही."

"ते तर पहिल्यापासनंच हाय की."

डॉक्टर हसले. मावशी हसली नाही.

उपाय साधा होता. कुणीतरी सतत डावीकडे बसायचं आणि तिकडून हाका मारायच्या, बोलायचं, हात लावायचा. मेंदूला हळूहळू सवय लागते. पहिले काही महिने महत्त्वाचे. तेव्हा गेलं ते गेलं.

मावशीनं त्याच दिवशी पलंगाच्या डावीकडे प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. ती तिथं बसायची, शेंगा सोलायची, मोबाईलवर आवाज बंद करून मालिका बघायची. हाक मात्र मारायची नाही.

जेवताना गंमत व्हायची. चटणी ताटात डावीकडेच वाढतात.

"चटणी नाही," काका भिंतीला सांगायचे. "सोलापुरात राहून भाकरीबरोबर शेंगाचटणी नाही. विस्मरण नव्हे हे, उपेक्षा आहे. आणि ही गेली कुठं? सदा बाहेर. पलायनवृत्ती, दुसरं काय!"

मावशी हातभर अंतरावर बसून त्यांचं बोलणं संपू द्यायची, मग ताट अलगद फिरवायची.

"आता आणली," काका मला म्हणायचे. "सांगितल्याशिवाय सुचत नाही."

एकदा स्वयंपाकघरात मी तिला म्हणालो, "मावशी, डॉक्टरांनी हाक मारायला सांगितलंय."

"मारली की. लगीन झाल्यापासनं अहो अहो करतीया. तवा तर मेंदू धड हुता."

"पण ते बरे होतील."

"व्हय. म्हणून तर." तिनं भाकरी उलटली. "औषध चुकवलं का मी? अंग पुसायचं चुकवलं? सांग की."

चुकवलं नव्हतं. तिचं वजन वाढलं होतं, रंग उजळला होता. काकांना भेटायला येणारे विद्यार्थी तिच्या सेवेबद्दल गहिवरून बोलत, आणि ती काकांच्या डावीकडे बसून ऐकत असे.

काही महिने गेल्यावर पुन्हा तपासणी झाली. कागदावर एक आडवी रेघ होती, तिचा मध्य दाखवायचा होता. काकांनी उजव्या टोकापाशी खूण केली. डॉक्टर खट्टू झाले.

"डावीकडे रोज कोण बसतं?"

"मी," मावशी म्हणाली. "सकाळपासनं रातच्यापर्यंत."

"साफ खोटं," काका म्हणाले. "ही घरात नसतेच. मी हिला कित्येक महिन्यांत पाहिलेलं नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बसते. मी स्वतः पाहिलंय."

डॉक्टरांनी मान हलवली, मावशीला समजुतीच्या सुरात सांगितलं की मनाला लावून घेऊ नका, आणि कागदावर स्मृतीवरही परिणाम झाल्याचं लिहून आणखी एक गोळी दिली.

ती गोळी जेवणानंतर घ्यायची असते. मावशी एकदाही चुकवत नाही.