कुंपणावरची साडी

प्रकाशा गावच्या जमनाबाईच्या परसातली मेथी हरणांनी पुन्हा फस्त केली. शेजारी तिची मोठी जाऊ केशरबाई. तिच्या परसातल्या एका पानालाही त्यांनी तोंड लावलं नाही. जमनाबाईच्या अंगाची लाही झाली. जुन्या साड्यांचं कुंपण दोघींचंही होतं. पण हिच्या साड्या विटक्या, सुती. तिच्या चकचकीत साड्या वाऱ्यावर अशा फडफडायच्या की हरणं लांबूनच पळायची. मेलीचं कुंपणसुद्धा नटलेलं!

जमनाबाईने पेटीतली कोरी रेशमी साडी काढली आणि मेथीपुढे बांधली. सकाळी मेथी शाबूत होती, हरणं फिरकलीच नव्हती. केशरबाई मात्र आपणच दिलेली साडी बघून कुंपणाशी थिजून उभी होती.

“जमना, हाई मन्ही दियेल साडी शे ना?”

“मंग? हरनं तं उनात नही,” जमनाबाई ठसक्यात म्हणाली. कधी नव्हे ते तिला फार बरं वाटलं.

संध्याकाळी केशरबाईच्या कुंपणावर एक मोरपंखी साडी आली. घडीच्या रेघा अजून तशाच होत्या. ती कधी नेसलीच नव्हती. जमनाबाईने लगेच ओळखली. जावेच्या गोऱ्या रंगाला शोभेल म्हणून शहाद्याची सगळी दुकानं पालथी घालून तिनेच ती आहेराला आणली होती.