सहाचं कॉलेट आणि पाव इंचाचं

मंगळवारी दुपारी माझे मेव्हणे गेले. मशीन बंद होतं. कॉलेट नटातून काढून, पुसून ठोकळ्यात ठेवलेलं होतं.

लालबागपासून करी रोडपर्यंतच्या टापूत त्यांनी जिच्यावर कधी संशय घेतला नाही अशी वस्तू शोधून सापडणार नाही. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, तेव्हा लिफ्टवर संशय म्हणून ते जिना चढत. जिन्यावरही संशय, म्हणून कठडा धरत. आणि धरण्यापूर्वी तो हलवून बघत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, तर "चष्मेवाला त्याच्याच मजल्यावर बसतो, ध्यानात आलं का मास्तर?" असं मलाच विचारलं. मी शाळेत शिकवतो, म्हणून मी त्यांचा मास्तर. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून माझे भावोजी. त्यांनी माझं लग्न जमताना मुलीकडच्यांची इतकी कसून चौकशी केली, की शेवटी त्या लोकांना आमचाच संशय आला.

पण या किरकोळ संशयांच्या वर, कुलदैवतासारखा, कॉलेटवरचा संशय होता. जुन्या गिरणीच्या मागे एका गाळ्यात त्यांचं लाकूड कोरणारं, संगणकावर चालणारं सीएनसी राउटर मशीन होतं. त्यावर ते मखरांच्या कमानी, देव्हाऱ्यांच्या जाळ्या आणि दारावरच्या पाट्या कोरत. कॉलेट म्हणजे त्या मशीनच्या फिरत्या दांड्याच्या, स्पिंडलच्या, टोकाला बसणारी अंगठ्याएवढी, चिरा पाडलेली पोलादी बाही. तिच्यात कटर घालायचा आणि नट आवळायचा, की ती कटरला चहूबाजूंनी धरते. जाडा कटर, मोठं कॉलेट. बारीक कटर, लहान कॉलेट. इतकं सरळ काहीतरी असू शकतं, हेच त्यांना पटत नसे. कॉलेटवर कोरलेला आकडा ते मानत नसत. कॅलिपरने मोजत, मग दुसऱ्या कॅलिपरने पहिल्याची परीक्षा घेत. कॉलेट आधी तिरकं धरून नटात बसवायचं आणि मगच नट स्पिंडलला लावायचा, हा नियम. बसताना 'टक्' असा आवाज होतो. तो ऐकू यावा म्हणून ते समोरच्या पावभाजीवाल्याला तवा वाजवणं थांबवायला लावत. खंडेनवमीला साऱ्या हत्यारांना हळदकुंकू लागे, पण कॉलेट वगळून. "कुंकू म्हणजे भुकटीच. चिरेत गेली की पकड गेली. देवाला मी समजावतो," ते म्हणत, आणि ठोकळ्याच्या कडेला कुंकवाचं बोट टेकवत.

त्यांचा खरा वैरी म्हणजे सहा मिलिमीटर आणि पाव इंच ही जोडी. दोन्हींत नखाच्या जाडीएवढा फरक. पाव इंचाच्या कॉलेटात सहाचा कटर बिनतक्रार जातो, आवळल्यावर धरल्यासारखाही वाटतो. मग काम चालू असताना हळूच खाली सरकतो. एखादे दिवशी सुटून अंगावरही येतो. "ज्या दिवशी या दोघांत माझी गफलत होईल, त्या दिवशी मशीन विकीन आणि घरी बसून मरेन," असं ते ताईसमोर वारंवार सांगत. ताई भाजी निवडत ऐकून घेई.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना नवाच संशय आला. ठोकळ्यातली कॉलेटं आपण ठेवली तशी राहत नाहीत. आकडे भिंतीकडे असायला हवेत, ते दाराकडे. चिरा आपण पुसल्या त्याहून स्वच्छ. गाळ्यात जेवणाचा डबा घेऊन येणारी ताई सोडली, तर चावी फक्त माझ्याकडे, तेव्हा काही दिवस ते माझ्याकडे बघून चहा पीत आणि बोलत नसत. एक दिवस ठोकळ्यावर भुशाची चिमूट टाकून, जेवणानंतर बाकावर झोपेचं सोंग घेऊन ते पडून राहिले. संध्याकाळी हॉटेलात मला म्हणाले,

"चोर गावला."

"कोण?"

"तुझी बहीण. मी सहाच्या कटरला पाव इंचाचं लावलेलं, मास्तर. मला दिसलंच नव्हतं. तिने काढलं, ब्रशने पुसलं, सहाचं लावलं. टक् झाल्यावरच हलली तिथून."

"मग तुम्ही काय केलंत?"

"घोरलो."

मी चहा बशीत ओतला. मग भीत भीत विचारलं, "म्हणजे आता मशीन विकणार?"

"कशाला? चूक मशीनपर्यंत पोचली कुठे?" ते म्हणाले, आणि वेटरने आणलेल्या पाण्याचा ग्लास उजेडात धरून तपासू लागले.

दुसऱ्या दिवसापासून ते जेवणानंतर न चुकता बाकावर आडवे होऊ लागले. उठल्यावर कॉलेट मोजत नसत. पोलादी ब्रशचा खिळा मात्र त्यांनी भिंतीवर वीतभर खाली आणला, ताईचा हात पोचेल एवढा. खिळा का हलवला, हे तिने विचारलं नाही.

तेरावं झाल्यावर मी ताईला हॉटेलातली ती संध्याकाळ सांगितली. ती नव्या कटरचं कागदी वेष्टन सोडवत होती.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "सगळ्या संसारात ते कधी घोरले नाहीत रे."

मशीन विकलेलं नाही. शाळा सुटल्यावर मी गाळ्यात जातो. नट आवळताना वरचा पाना मी धरतो, खालचा ताई फिरवते. बाक रिकामा आहे.