परसूच्या लेकीसाठी खोली

परसू गेल्याचं त्याच्या मुलीनेच, रेणुकाने, फोनवर कळवलं. "काका, अप्पा गेले. सकाळी अंगणात बसल्या बसल्याच..." एवढंच म्हणाली, रडली नाही. मीच ओक्साबोक्शी रडलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. आता महिना-सव्वा महिना झाला. मित्रावर दोन चांगले शब्द लिहावेत म्हणून बसलोय खरा, पण चांगले शब्द सगळे त्याच्या वाट्याचे आहेत. माझ्या वाट्याला जे येतं, तेही लिहायला हवं.

परशुराम सिद्दी ड्रायव्हर, मी कंडक्टर; तो मला अण्णा म्हणायचा. धारवाड-कलघटगी गाडीवर आम्ही बावीस वर्षं काढली. सिद्दी म्हणजे कोण, हे लांबच्या वाचकाला सांगावं लागेल. फिरंग्यांनी शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं. पळून आमच्या रानात शिरली आणि इथलीच झाली. परसूचं कन्नड माझ्यापेक्षा चोख, मराठी माझ्यासारखंच, डोक्याचे केस मात्र कुरळे आणि रंग काळाकुट्ट. तेवढं पुरे होतं. गाडीत पोर रडलं की आई खुशाल म्हणायची, "गप बस, नाहीतर त्या डायव्हराकडे देईन!" पोर गप्प. परसू हसून हॉर्न वाजवायचा. एकदा एका सुटाबुटातल्या गृहस्थाने विचारलं, "कुठल्या देशाचे तुम्ही?" परसू म्हणाला, "कलघटगी तालुक्याचा की. तुम्ही कुठल्या देशाचे?" सगळी गाडी हसली, मीही हसलो. पण त्या आईला "बाई, तोंड सांभाळा" असं बावीस वर्षांत एकदाही म्हणालो नाही. तिकिटं फाडत राहिलो.

माझ्या घरी तो जेवायचा, आमच्याच ताटात. 'आपण काही मानत नाही' असं मी चारचौघांत मिरवायचो. मग रेणुकाला धारवाडच्या विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला. त्यांच्या वाडीतली पहिलीच मुलगी. रोज जाऊन-येऊन पाच तास मोडत होते, म्हणून धारवाडातच, सप्तापुरात, खोली पाहायची ठरली. परसूने फोन केला की मालक म्हणायचे, "या की, रिकामीच आहे." बापलेक दारात उभे राहिले की तीच खोली "आत्ताच गेली बघा." असं सहा-सात ठिकाणी झालं. शेवटी मीच शक्कल काढली, की आधी मी एकट्याने जाऊन ठरवावं. ठरवलंही. सामान घेऊन मुलगी आली तेव्हा मालकीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सांगायचं नाही होय आधी? घरात लहान मुलं आहेत, घाबरतात." मी त्यांचीच माफी मागितली! परसू रिक्षातून ट्रंक उतरवत होता, ती त्याने परत वर चढवली.

त्याच साली आमच्याकडे नवे आमदार निवडून आले. त्यांच्या आजोबांना देवळाच्या पायरीवर चढू देत नसत, म्हणून आम्ही सगळेच हुरळलो. आता बदलणार, म्हणालो. सत्काराच्या आयोजकांनी परसूला गाठलं. सिद्दींचा नाच पाहिजे, कमरेला पाला बांधून, तोंडावर पांढरे पट्टे ओढून. परसू म्हणाला, "मी गाडी चालवतो हो. आयुष्यात कधी पाला बांधला नाही." ते म्हणाले, "नाचलात तर मुलीच्या होस्टेलचा अर्ज साहेबांच्या हातात देता येईल."

नाचला. छप्पन्न वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले... भर उन्हात पाला बांधून नाचला. आमदारांनी पाठ थोपटली, समतेवर अर्धा तास बोलले. अगदी खरं बोलले, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. अर्ज त्यांनी घेतला, मागच्या माणसाला दिला. त्या माणसाने तो फुलांच्या हारांखाली ठेवला. रेणुका माझ्या शेजारीच उभी होती. ती बापाकडे बघत नव्हती, स्वतःच्या पायाकडे बघत होती. होस्टेलचं उत्तर शेवटपर्यंत आलं नाही. पोरगी दोन वर्षं बसने ये-जा करत राहिली.

आणि एवढे दिवस सप्तापुरातल्या माझ्या स्वतःच्या घराची वरची खोली रिकामी होती. होय, माझ्याच. वेगळा जिना, वेगळा नळ. बायकोचं नाव पुढे करायला मला आवडलं असतं, पण तिने सरळ विचारलं होतं, "रेणुकालाच देऊया का?" मी म्हणालो, "बघू. शेजारी काय म्हणतील." तो परसू माझ्याबरोबर गल्लोगल्ली खोल्या हुडकत हिंडला आणि चहाला येऊन माझ्याच जिन्याखाली बसला. एका शब्दाने विचारलं नाही. मला वाटायचं, बरं झालं, लक्षात आलं नाही त्याच्या.

दिवसकार्याला वाडीवर गेलो, तेव्हा रेणुकाला बाजूला घेतलं. म्हणालो, "पुढचं शिकणार आहेस म्हणे. आमच्या वरच्या खोलीत राहा बाई, भाडंबिडं काही नको."

ती शांतपणे म्हणाली, "मला ठाऊक होतं काका, खोली रिकामी आहे ते. मी तेव्हाच अप्पांना म्हटलं होतं, विचारूया. ते म्हणाले, नको. अण्णाला नाही म्हणायला लागेल, मग तो आपल्याकडे यायचा बंद होईल. तेवढा एकच मित्र आहे मला." मग तिने मला चहा आणून दिला. प्यालो. काय करणार?

रेणुका काही राहायला आली नाही. गेल्या सोमवारी बेळगावचे एक बँकवाले खोली बघायला आले. मी विचारायच्या आत त्यांनी आडनाव सांगितलं. मी किल्ली दिली.