पाचवीचा अर्ज मी ठाण्याला पाठवला

एप्रिलमध्ये एका दुपारी सविता चिकू काढायचं सोडून आमच्या मागच्या दारात येऊन बसली. मसोलीत शेजारच्या वाडीत ती मजुरीला येते, राहते विवळवेढ्याकडच्या एका पाड्यावर... आणि तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे.

शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी हायवे ओलांडावा लागतो, म्हणून पाड्यातल्या बऱ्याच मुली चौथीनंतर घरीच. तिची लेक मनीषा यंदा चौथीत होती.

"तू शिकलेली ना बाई? अर्ज लिही. पाचवी आमच्याच शाळेत पाहिजे."

मी कॉन्व्हेंटची. आमच्याकडे सगळं मदर सुपीरियर ठरवायच्या, आई-बाबा फक्त प्रगतीपुस्तकावर सही करायचे. त्याच सवयीने मी थेट जिल्हा परिषदेच्या सगळ्यात वरच्या साहेबांना अर्ज लिहिला आणि रजिस्टर पोस्टाने धाडला. मे संपत आला तरी उत्तर नाही... सविताने माझ्याकडची पोस्टाची पावती नेऊन शाळेतल्या एकुलत्या एक गुरुजींना दाखवली आणि तडक माझ्याकडे आली.

"ठाण्याला धाडलास? आपला जिल्हा पालघर झाला ना! सगळ्या पाड्याला ठाऊक, तुलाच नाही?"

खरंच की... जन्मभर ठाणे लिहिलेला हात, ठाणेच लिहून गेला होता.

शाळा उघडायला पंधरा दिवस. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डहाणूच्या पंचायत समितीत. शाळा बघणाऱ्या विस्तार अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं... आधी शाळा समितीचा ठराव, मग केंद्रप्रमुखांचा अहवाल, मग पंचायत समिती, शेवटी जिल्हा परिषद. मी वरून सुरुवात केली होती. सुरुवात सविताच्या समितीपासून होती.

"ठराव परवा आणते. पण साहेब, तू ये. पोरींसंगं हायवे ओलांडून बघ."

पाड्यावर सगळ्यांना तूच म्हणतात, तरी मी ओशाळले. साहेब हसले... आणि खरंच आले. दोन मुलींचे हात धरून, ट्रक थांबायची वाट बघत बराच वेळ कडेला उभे राहिले. तेव्हा मात्र हसले नाहीत.

परवानगी यायला जुलै उजाडला. तोवर मनीषा रोज चौथीच्याच वर्गात जाऊन बसायची. कुणी विचारलं की म्हणायची, "माझी पाचवी येतेय."

आली. आता व्हरांड्यात पाचवीचा वर्ग भरतो, मनीषासकट सात मुली. गुरुजी मात्र अजून एकटेच.

परवा सविता म्हणाली, "दुसरा मास्तर मागायचाय. मिटिंगला ये. अर्ज तूच लिही, पण धाडायच्या आधी आम्हाला वाचून दाखव."

गेले. झाडाखाली बायकांच्या मध्ये बसून अर्ज वाचला, त्यांनी तीन ठिकाणी बदलायला लावला... प्रगतीपुस्तकावर फक्त सही करणाऱ्या माझ्या आईला हे असं एकदा तरी करायला मिळायला हवं होतं.