आक्कांच्या हाताचा भरवसा

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मळ्यात मेथी उपटत होते. खामगावला जुन्या मैत्रिणीकडे चार दिवस राहायला म्हणून गेल्या होत्या, तिथेच झोपेत गेल्या. त्या माझ्या थोरल्या नणंद. आमचं रोज वाजायचं, आणि एकमेकींवाचून करमायचंही नाही. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला बसले, पण आधी ज्याची लाज वाटते ते सांगते.

खामगावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर आक्का दुसरबीडजवळ आमच्या मळ्यात राहायला आल्या. सामान जेमतेम, पण फोटोमीटर मांडीवर घेऊन. पाण्यात भुकटी टाकली की रंग येतो आणि तो किती गडद आहे ते बघून हे यंत्र आकडा सांगतं. त्यांच्या खोलीत त्या कामाचं सोवळंच होतं म्हणा ना! हातमोजे, डोळ्यांवर मोठा चष्मा. काचेची कुपी त्याच पाण्याने विसळायची, मऊ कापडाने पुसायची, आधी नुसत्या पाण्यावर शून्य लावायचं, मग भुकटी, मग गप्प थांबायचं. कुपीवर बोटाचा ठसा राहिला तरी आकडा खोटा. वापरलेलं पाणी मोरीत नाही, वेगळ्या कॅनमध्ये. तो कॅन मी एकदा घासायला उचलला तर केवढ्यांदा ओरडल्या, "ठेव तो खाली! हातमोजे कुठंयत तुह्ये?" मी म्हणायचे, "आक्का, शाळा सुटली तरी तुमची परीक्षा काही सुटली नाही." त्या हसायच्या.

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी आसपासच्या मळ्यांतल्या विहिरींचं नायट्रेट तपासायचं ठरवलं. भाजीपाल्याला आम्ही सगळेच हात सैल सोडून युरिया टाकतो, तो झिरपून विहिरीत उतरतो, तान्ह्या लेकराला ते पाणी फार वाईट, असं त्या सांगायच्या. गुडघ्यांमुळे विहिरीच्या पायऱ्या उतरवेनात, म्हणून घरोघरी धुतलेल्या बाटल्या दिल्या आणि सकाळी विहिरीचं पाणी भरून ठेवायला सांगितलं. सगळ्या बाटल्यांचे आकडे छान आले. आक्का लहान मुलीसारख्या खूश झाल्या. प्रत्येक दारात जाऊन सांगून आल्या, "पाणी चांगलं आहे, बिनधास्त प्या."

पुढे शेजारच्या दुर्गाचं बाळ वरच्या दुधावर आलं. पावडर कालवायला पाणी कोणतं घेते, म्हणून आक्कांनी सहज तिच्या विहिरीतून आपल्यासमोर बादली काढवली आणि तपासलं. आकडा भलताच चढा. मग सगळ्याच विहिरींवर त्या ह्यांचा हात धरून गेल्या, सगळीकडे तेच. खात्रीसाठी बाहेर प्रयोगशाळेत बाटल्या पाठवल्या, तिथेही तेच आलं. बाळाला काही झालं नव्हतं, देवाची कृपा. पण आक्का मात्र खचल्या. ज्या दारांत पाणी चांगलं सांगितलं होतं, त्या प्रत्येक दारात हात जोडून उभ्या राहिल्या. "माह्यी चूक झाली. हे पाणी लेकराले देऊ नका, उकळूनही देऊ नका, उकळून ते जात नाही." मी सोबत होते. आपली शिकलेली, मानी नणंद अशी वाकलेली बघून मलाच मान वर करवेना.

त्यानंतर त्यांनी यंत्र पेटीत घातलं ते घातलंच. दुपारी खिडकीशी बसून कुपी उजेडात धरायच्या... "ठसा दिसतो का गं तुले?" मी कंटाळून म्हणायचे, "नाही दिसत." एकदा म्हणाल्या, "हाताचा भरवसा नाही राह्यला आता." मी म्हटलं, बरं झालं, आराम करा.

त्या गेल्यावर बायका भेटायला आल्या. आठवणी निघाल्या आणि पलीकडच्या मळ्यातल्या शेवंताबाई डोळे पुसत पुसत हसल्या. "बाई बाटली देऊन गेल्या, तं मी जारचंच पाणी भरलं वो. एवढ्या मोठ्या बाईच्या हातात आपलं गढूळ पाणी कसं द्यावं? नापास केलं असतं तं?" दुसरी म्हणाली, "मीबी जारचंच देलं." आमच्याकडे पाहुणा आला की त्याच्यापुढे विकतच्या जारचं पाणी ठेवतात, विहिरीचं ठेवलं तर घराची शोभा जाते. मी ह्यांच्याकडे बघितलं. आमच्या घरची बाटली ह्यांनी भरली होती. ह्यांनी मान खाली घातली. रात्री एवढंच म्हणाले, "तिच्या माहेरचं पाणी खराब निघू नये, असं वाटलं मले."

माणसं दुसरंच पाणी भरून देतील, हे आक्कांच्या डोक्यातच आलं नसणार. त्या स्वतःचाच हात तपासत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी तीच सगळी दारं पुन्हा फिरले. आक्का चुकल्या नव्हत्या, एवढं सांगायचं होतं. वाटलं होतं, जारच्या पाण्याने काय झालं ते कळून बायका चपापतील. शेवंताबाई सूप बाजूला ठेवत म्हणाल्या, "बाई काऊन चुकतीन वो? आम्हाले तं तव्हाच माहीत होतं. त्या एवढ्या हात जोडून राह्यल्या होत्या, मंग सांगायचीच लाज वाटली." सगळ्या दारांत थोड्याफार फरकाने हेच ऐकलं.

घरी आले तर हे आक्कांच्या खोलीत पेटी उघडून बसले होते. कुपी हातात, पुसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी कुपी उजेडात धरली. मग म्हणाले, "म्हंजे तिलेच तेवढं माहीत नव्हतं..."