वसुधाकडची ऊब

आपल्या घरी पाहुण्याला थंडी वाजली तर तो आपला अपमान, असं वसुधा मानते. त्याने दुसरी पोळी नाकारली तर घोर अपमान, पण थंडी म्हणजे थेट अब्रूचा प्रश्न. अशा बाईने पुण्यातली नोकरी सोडून आयर्लंडमध्ये, स्लायगोपासून अर्ध्या तासावरच्या गावात, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं घर घ्यावं आणि तिथे बेड अँड ब्रेकफस्ट काढावं, म्हणजे कमालच. घर देखणं. खिडक्यांना रंगीत काचा, खोलीखोलीत संगमरवरी शेकोटी. आणि छत इतकं उंच की सगळी ऊब वर जाऊन संसार थाटायची, माणसं खाली कुडकुडायची.

त्या घरात एका हिवाळ्यात एक मुलगी मरता मरता वाचली, आणि तिच्या जिवावर उठली होती ती वसुधाची माया. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे हसू आलं तर बेतानं हसावं.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. पाहुणे बंद, बुकिंग रद्द. दर वसंतात धुराडी साफ करायला येणारा माणूसही त्या वर्षी आला नाही. आले ते कावळे. आपल्याकडच्यासारखेच राखाडी मानेचे, चणीने लहान. चोचीत काटक्या धरून ते छपरावर ये-जा करत. वसुधा त्यांना भात ठेवायची.

"बघ, कसा संसार मांडतायत," ती नवऱ्याला म्हणाली.

"भाडं घे त्यांच्याकडून," शिरीष लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला.

कावळे छपरावर कुठे राहत होते, हे दोघांनीही विचारलं नाही. पुढच्या खोलीच्या धुराड्यात राहत होते.

नोव्हेंबरात गुंजन आली. अमरावतीची पोरगी, हॉस्पिटलात नर्स. आधीच्या घरात मैत्रिणींपैकी एक पॉझिटिव्ह निघाली, म्हणून बिचारी जागा शोधत होती. वसुधाने तिला पुढची, सगळ्यात देखणी खोली दिली.

"ताई, भिंतीत भोक आहे हो. वारा थेट डोक्यावर येतो," गुंजन दुसऱ्याच दिवशी म्हणाली.

"ते हवेसाठी असतं. इथे खोलीखोलीला असतं," शिरीष म्हणाला.

"हवा बाहेर आहे की भरपूर! आत कशाला बोलवायची?" असं म्हणून वसुधाने शिरीषचे दोन जुने बनियन त्या भोकात कोंबले, वरून चिकटपट्टी लावली. खिडक्यांच्या फटींनाही पट्टी. इथे राहणाऱ्या आपल्या लोकांच्या घरांत तुम्हाला हे हमखास दिसेल. दुसरं हमखास दिसतं ते म्हणजे छतावरचा, धूर आणि विषारी वायू ओळखणारा अलार्म बंद केलेला. फोडणी टाकली की बोंबलतो, म्हणून शिरीषने घरातल्या सगळ्या अलार्मच्या बॅटऱ्या काढून प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, टाकल्या होत्या.

गुंजन रात्रपाळी करून सकाळी यायची. त्याआधी वसुधा शेकोटी पेटवून ठेवायची, बिनधुराच्या कोळशाची. दार उघडलं की लालभडक ऊब. पोरगी कौतुकाने म्हणायची, "माहेरी आल्यासारखं वाटतं."

मग तिचं डोकं दुखायला लागलं. मग मळमळ. दोनदा टेस्ट केली, दोन्ही निगेटिव्ह. मास्क घालून घालून होत असेल, असं तिनेच ठरवलं.

"पण गंमत बघा ताई, ड्यूटीवर गेले की बरं वाटतं. इथे येऊन झोपले की चढतं."

"म्हणजे आमचं घर बाधतंय का तुला?"

"अहो तसं नाही!"

पण वसुधाच्या मनात ते रुतलं. कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या पॅटला तिने सहज विचारलं. पॅटची आजी त्या घरात कामाला होती.

"घर ग्रँड आहे हो तुमचं," पॅट म्हणाला. "पण त्या पुढच्या खोलीत माझी आजी कधी झोपली नसती."

"का?"

पॅटने खांदे उडवले आणि हवामानाकडे वळला. हे लोक नको तिथे बोलतात आणि हवं तिथे पावसात शिरतात.

जानेवारीतली दुपार. बाहेर सगळं गोठलेलं. गुंजन सकाळपासून झोपली होती आणि जेवायला उठेना. वसुधाने मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेतल्या आणि आत गेली. शेकोटी छान फुललेली.

"ऊठ गं, बस जरा. दृष्ट काढते."

"ऊं... ताई, पाय कुठेयत माझे?" गुंजन कशीबशी उठून बसली. जीभ जड, डोळे अर्धे.

"आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, पॅटची, पॅटच्या आजीची..." वसुधाने ओवाळलं आणि मूठ निखाऱ्यांवर टाकली.

मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती, असा हिशोब. आदल्या हिवाळ्यात याच शेकोटीवर शिरीषची दृष्ट काढली तेव्हा सगळा धूर सुळकन वर गेला होता. ठसका नाही की वास नाही, आणि नवऱ्याला कोणाची एवढी जबर दृष्ट लागली, या विचाराने वसुधा थोडी सुखावलीही होती.

या वेळी धूर वर गेला नाही. संगमरवराखालून बाहेर आला, पसरला, तिच्या अंगावर चालून आला. खोकून खोकून तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. म्हणजे दृष्ट नाही. मग हा धूर वर का जात नाही? आणि धूर जात नसेल, तर इतके दिवस या कोळशातून न दिसणारं जे काही निघत होतं, ते कुठे जात होतं?

तिने वळून पाहिलं. गुंजनला ठसका लागलाच नव्हता. ती हळूहळू कलत पलंगाखाली घसरली.

खिडकी उघडेना, पट्टी वसुधानेच पक्की मारलेली. तिने निखारे सारायची सळई उचलली आणि रंगीत काच फोडली. "शिरीषऽ! अ‍ॅम्ब्युलन्स!" ओरडत तिने पोरीला काखेत धरून ओढत बाहेर पायरीवर, बर्फात आणलं.

हॉस्पिटलात आत कोणालाच सोडत नव्हते. ती दोघं गाडीत बसून राहिली. शिरीषने हीटर लावला, वसुधाने बंद केला आणि चारही काचा खाली घेतल्या. संध्याकाळी फोन आला.

"ताई, वाचले," गुंजनचा आवाज लांबून आल्यासारखा. "कोळशाचा वायू, कार्बन मोनॉक्साइड. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ झोपले असते तर उठले नसते."



धुराड्यातून कावळ्यांच्या पोती भरून काटक्या निघाल्या. गुंजन सामान न्यायला आली तेव्हा "तुमची काही चूक नाही, ताई," असं तीनतीनदा म्हणाली, पण खोलीच्या उंबऱ्याआत आली नाही. बॅगा शिरीषने बाहेर आणून दिल्या.

२०२१ च्या उन्हाळ्यात पाहुणे पुन्हा यायला लागले. शेकोट्या विटांनी बंद आहेत, भोकं उघडी आहेत, अलार्म फोडणीला बोंबलतात आणि वसुधा त्यांना बोंबलू देते. पाहुणे म्हणतात, बाई प्रेमळ आहे, पण सकाळी फार लवकर उठवते. खरं म्हणजे ती घोरणाऱ्यांना उठवत नाही. ती दारांना कान लावत जाते, आणि जिथून काहीच ऐकू येत नाही तिथे ठोठावते.

"काही नाही, चहा हवा का विचारायला आले," ती म्हणते, आणि आतून आवाज येईपर्यंत हात दारावरच ठेवते.